माळकऱ्यांच्या घरात गोबरा

पिंपरी गाव,
ता. १० सप्टेंबर १९५७

सौ. शालन हिस,

आधी बातमी, मग खुशाली. खोली मिळाली. एक नव्हे, दोन. पुढची ऐसपैस, मागची चुलीपुरती, दारात तुळस, परड्यात आड आणि त्याचं पाणी गोड. लग्नाला दोन वर्षं झाली आणि त्यातले आपण एकत्र काढलेले दिवस परवा मोजले, ते बेचाळीस भरले. इथे आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. त्यातला एक घोरायचा आणि दुसरा त्याला उठवण्यासाठी मला उठवायचा. ते आता संपलं. दिवाळी आईबरोबर मालवणला कर आणि तुळशीचं लग्न झालं की इकडे निघून ये.

घरमालक सोपानराव म्हणजे इथले जुने शेतकरी. अर्धी जमीन कारखान्यात गेली, अर्धी अजून पवनेच्या काठाला आहे. माणसं देवभोळी. त्यांच्या कारभारीण दुर्गाबाई फार मायाळू; पहिल्याच दिवशी त्यांनी मला पिठलं-भाकरी पाठवली.

आणखी एक पाहुणा घरात आला आहे. आमच्या विभागाचे गुप्ते साहेब आठ महिन्यांसाठी परदेशी शिकायला गेले. त्यांनी बंगल्यात काचेच्या मोठ्या पेटीत समुद्राचं पाणी भरून एक मासा पाळला होता, गोबरा. होय, आपला गोबराच. दीड वीत लांब, अंगावर तपकिरी ठिपके आणि तोंड सदा रागावलेलं. जाताना साहेब म्हणाले, "आबाजी, तू मालवणचा. तुझ्याशिवाय हा कुणाच्या हवाली करू?" माझी नोकरी कायम व्हायची ती त्यांच्याच शेऱ्यावर, तेव्हा नाही म्हणवलं नाही. पेटी बैलगाडीतून आणली. पाण्यात हवा सोडायला ट्रकच्या चाकाची ट्यूब आहे. सायकलच्या पंपाने ती सकाळ-संध्याकाळ फुगवायची, मग बारीक रबरी नळीतून बुडबुडे येत राहतात. पाणी साहेबांचा भाचा मुंबईहून काचेच्या बरण्यांतून रेल्वेने पाठवतो.

हे सगळं जमलं, पण पठ्ठ्या खात नाही. साहेबांनी त्याचं खाणंपिणं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि सदरा धुतला. भात टाकून पाहिला, पाव टाकला, उकडलेला बटाटा टाकला. तू कोळीवाड्याशेजारी वाढलेली. काय ते लगेच कळव.

तुझा,
आबाजी


मालवण,
ता. १६ सप्टेंबर १९५७

तिकडच्या स्वारीस,

तुमचं पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. खोलीची बातमी ऐकून त्यांनी देवापुढे साखर ठेवली. गोबऱ्याला उकडलेला बटाटा टाकल्याचं ऐकलं. मग म्हणाल्या, "ह्या झिलाक मीयाच वाढयलंय मां?"

तुमची आणि गोबऱ्याची ओळख फक्त ताटातली, हे साहेबांना कुणीतरी सांगायला हवं होतं. माझे वडील गोबरे होडीच्या तळात जिवंत ठेवायचे, बाजारात भाव चढेपर्यंत. म्हणून मी सांगते ते नीट ऐका. गोबरा कपारीत दबा धरून बसतो आणि हलणारं तेवढंच खातो. जे हलत नाही ते त्याच्या लेखी दगड. पेटीत तोंड फुटलेलं एक मडकं आडवं ठेवा, त्याला घर हवं. नदीतली बारकी मासळी जिवंत आणून टाका. गोड्या पाण्यातला मासा खाऱ्यात लगेच गुंगतो, म्हणून एका वेळी एकच टाका. त्याने गिळला की दुसरा. आठवड्यातून दोनदा पुरे. पुढे सवय झाली की माशाचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात नाचवायचा, तोही घेईल. बोट मात्र कधीही पाण्यात घालू नका.

आता एक विचारते. तुमच्या पत्रात आडाचं पाणी आलं, तुळस आली, पिठलं आलं. पिंपरीत मासळी कुठे मिळते ते आलं नाही. तुम्ही विसरला असाल असं म्हणायला मी तयार आहे, पण तुम्ही जेवणाचं कधी विसरत नाही.

शालन


पिंपरी गाव,
ता. २४ सप्टेंबर १९५७

सौ. शालन हिस,

तुझ्या सल्ल्याचा गुण आला. नदीवर भैरू भोई म्हणून एक आहे. तो मला डब्यात पाणी घालून बोटाएवढ्या मुऱ्या देतो, इथली बारकी मासळी. सायकलला डबा लटकवून मी घरी येतो, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं आबाजी जेवणाचा डबा घेऊन आला. पहिली मुरी टाकली. मडक्यातून नुसतं तोंड बाहेर आलं, उघडलं, आणि मुरी नव्हती. धावणं नाही, झडप नाही. जागच्या जागी आत ओढून घेतली. मी इतका खूश झालो की तीन टाकल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रागावू नकोस. सोपानराव आणि दुर्गाबाई दोघंही माळकरी आहेत. खोली देताना त्यांनी एकच अट घातली, की मांस-मच्छी, अंडं काही काही उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी शब्द दिला. पिंपरीत दुसरी खोली नाही, शालन. मी दोन वर्षं शोधतो आहे.

मग गोबऱ्याचं काय, असं तू विचारशील. पेटी आली त्या दिवशी दुर्गाबाईंनी विचारलं, "ह्यो पाव्हना खातो काय?" मी म्हणालो, "पाण्यातलंच काहीबाही." हे खोटं नव्हतं. पण दुर्गाबाई दर महिन्याला देहूला जातात. तिथल्या डोहातले मासे कुणी धरत नाही, त्यांना लोक कणकेच्या गोळ्या आणि चुरमुरे घालतात आणि ते वर येऊन खातात. त्यांच्या मनात मासा म्हटला की तो असा. माझ्या तीन मुऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी त्या कणकेच्या गोळ्या घेऊन आल्या. गोबऱ्याचं पोट तट्ट फुगलेलं, तो गोळ्यांकडे ढुंकून बघेना. आणि ती नेमकी एकादशी.

दुर्गाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि सोपानरावांना हाक मारली, "अवो, हिकडं या. याला बी एकादशी हाय."

मी तिथेच उभा होतो. बोलायला हवं होतं, बोललो नाही.

आबाजी


मालवण,
ता. १ ऑक्टोबर १९५७

तिकडच्या स्वारीस,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा संताप आला. ज्या घरात माशाला मासा मिळतो, त्या घरात मला मिळणार नाही. म्हणजे त्या घरात माझी पायरी गोबऱ्याच्या खाली. सासूबाईंचं म्हणणं, तिला न्यायची तर पेटीत घालून ने, निदान उपाशी तरी राहणार नाही.

थट्टा पुरे. मी येईन. आमटी-भात खाऊन राहीन, दुधीची भाजी खाईन, तुम्ही सांगाल ते खाईन. आयुष्यभर तुमची पत्रं वाचत बसण्यापेक्षा ते बरं. पण ज्या बाईने तुम्हाला पिठलं-भाकरी वाढली तिला डबा दाखवून फसवायचं, हे मला जमणार नाही. मी आले की दुर्गाबाई मला विचारणारच, आणि माझ्या तोंडावर सगळं दिसतं हे तुम्हाला बेचाळीस दिवसांत कळलंच असेल.

मी यायच्या आधी त्यांना सांगा. खोली गेली तर गेली. सांगितल्याशिवाय मी येणार नाही, हे नक्की समजा.

शालन


पिंपरी गाव,
ता. २० ऑक्टोबर १९५७

सौ. शालन हिस,

सांगायचं ठरवून दोनदा त्यांच्या ओसरीवर गेलो. पहिल्यांदा दुर्गाबाईंनी लाडू दिला. दुसऱ्यांदा तिथे रहाटणीच्या आठ बायका बसल्या होत्या. गोबऱ्याच्या दर्शनाला आल्या होत्या.

होय, दर्शनाला. एकादशी पाळणारा मासा म्हणून गावात बोभाटा झाला आहे. माझाही त्यात हात आहे, तो लपवत नाही. दशमीला मी त्याला भरपूर घालतो, म्हणजे एकादशीला तो आपोआप उपाशी राहतो. एकदा चुकून बारशीला कणकेची गोळी हलत हलत खाली आली, ती त्याने तोंडात घेतली आणि लगेच थुंकली. बायका म्हणाल्या, "बगा, तुळशीचं पान न्हाई ठेवलं म्हून घेतलं न्हाई." तेव्हापासून पाण्यात तुळशीची पानं पडतात. सांगवीच्या एका म्हाताऱ्या बाईने नवा पैसा टाकला. तांबं खाऱ्या पाण्यात उतरलं तर मासा मरतो एवढं साहेबांनी तोंडी सांगितलेलं आठवत होतं, तेव्हा मी कोपरापर्यंत हात घालून पैसा काढला. बोट शाबूत आहे, पण गोबऱ्याने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

सोपानराव आता रस्त्याने ताठ चालतात. कार्तिकीला पेटीपुढे भजन ठेवलं आहे. दिवसभर खोलीत माणसं असतात आणि रात्री भैरू नदीवर नसतो, त्यामुळे सहा दिवस त्याला काही घालता आलेलं नाही. मडक्यातून सारखा बाहेर येतो आणि काचेला तोंड लावून बसतो. बायकांना वाटतं तो त्यांच्याकडे बघतो आहे. तसं ते खरंच आहे.

काय करू ते कळव. मी सांगायला गेलो होतो, एवढं तरी माझ्या बाजूने धर.

आबाजी


(पोस्टकार्ड)

मालवण,
ता. २६ ऑक्टोबर १९५७

भुकेल्या गोबऱ्यापुढे कुणालाही हात घालू देऊ नका. आजच्या आज त्याला खायला घाला, आणि आजच सांगा. कार्तिकीपर्यंत थांबू नका. सासूबाईंची प्रकृती चांगली आहे.

शालन


पिंपरी गाव,
ता. ४ नोव्हेंबर १९५७

सौ. शालन हिस,

तुझं कार्ड आज आलं. कार्तिकी काल झाली.

मधल्या दिवाळीच्या गर्दीत त्याला एकदाच दोन मुऱ्या मिळाल्या होत्या, आणि त्यालाही काल दहा दिवस होऊन गेले होते. भजनाला ओसरीवर आणि माझ्या खोलीत मिळून पन्नासेक माणसं होती. दुर्गाबाई आदल्या दिवशी देहूला जाऊन तीर्थाची कळशी भरून घेऊन आल्या होत्या. घरी येऊन बघतात तो कळशीत बोटभर लांबीचा एक मासा. पाणी भरताना आपणहून आत आला होता. त्यांना वाटलं, देवाने एकट्या पडलेल्या गोबऱ्याला सोबत पाठवली. मला त्यांनी काही सांगितलं नाही, अचानक आनंद द्यायचा होता. भजन रंगात आलं तेव्हा त्या उठल्या, कळशी पेटीवर धरली आणि पिलू हलकेच पाण्यात सोडलं. सगळे टाळ थांबवून बघायला लागले.

पुढचं तुला लिहायला नको. मडक्यातून तोंड आलं, उघडलं, आणि पिलू नव्हतं. शेपटीचं टोक तेवढं ओठातून बाहेर राहिलं होतं. तेही मग आत गेलं.

बायका किंचाळल्या. एक म्हातारी "इठ्ठला" म्हणून खाली बसली. सोपानरावांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आबाजी, ह्ये तुमाला ठावं व्हतं?" पन्नास माणसांपुढे मी मान हलवली. खोटं बोलायची ताकद संपली होती. डब्याचंही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हैनाअखेरीला खोली मोकळी करा." दुर्गाबाई आत निघून गेल्या.

तेव्हा तू येऊ नकोस. पेटी कुठे न्यायची, मी कुठे जायचं, काही सुचत नाही. तू पहिल्यापासून सांगत होतीस. हे पत्र वाचून हसलीस तरी चालेल, मला मात्र हसू येत नाही.

आबाजी


मालवण,
ता. १० नोव्हेंबर १९५७

सौ. दुर्गाबाई यांना मालवणहून शालनचा वाकून नमस्कार.

आपली ओळख नाही. मी तुमच्या भाडेकरूची बायको. सोपानरावांना पोथीचं छापील वाचता येतं पण हातचं लिहिलेलं लागत नाही असं ह्यांनी मागे कळवलं होतं, म्हणून हे पत्र तुम्हाला माझे यजमानच वाचून दाखवतील. एकही शब्द गाळायचा नाही असं मी वेगळ्या चिठ्ठीत त्यांना बजावलं आहे. ते कुठे अडखळले तर समजा की तिथे त्यांच्याबद्दल काही आहे, आणि पुन्हा वाचायला लावा.

ह्यांनी तुम्हाला फसवलं. गोबरा जन्मल्यापासून मासेच खातो, त्याला दुसरं काही येत नाही. त्याला दोष लागत नाही. ह्यांना लागतो, कारण ह्यांना बोलता येत होतं. देहूच्या पिलासाठी मी इथे एक दिवस उपास केला. तुम्ही जे केलंत ते मायेने केलंत, ते मनाला लावून घेऊ नका.

का फसवलं ते सांगते. खोली हवी होती, आणि ती माझ्यासाठी हवी होती. म्हणून निम्मा दोष माझ्या पदरात घाला.

आता माझ्याबद्दल. मी मासे खाते. रोज खाते, आवडीने खाते. तुमच्याकडे यायचं म्हणून सोडते असं लिहिणं सोपं होतं, पण मग तुमच्या उंबऱ्यात आणखी एक खोटं आलं असतं. तुमच्या घरात शिजवणार नाही, आणणार नाही, एवढा शब्द देते. मालवणला आले की खाईन आणि परत येऊन तुम्हाला तसं सांगेन. हे चालत असेल तर खोली राहू द्या. चालत नसेल तर मी रागावणार नाही. रडेन मात्र. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मला अजून माझ्या नवऱ्याची सवय लागलेली नाही. तो सकाळी चहा बशीतून पितो की कपातून, हेही मला ठाऊक नाही. माझ्या वयाच्या बाईला ते ठाऊक असावं असं मला वाटतं.

तुमची,
शालन


पिंपरी गाव,
ता. १८ नोव्हेंबर १९५७

शालनबाईस दुर्गाबाईचा रामराम.

मी बोलतीया, तुझा नवरा लिवतोय. मी म्हनंन तसंच लिवायचं, सुदरवायचं न्हाई, असं मी बी त्याला बजावलंय.

तुझं पत्र त्यानं तीन ठिकानी अडखळत वाचलं. तिन्ही ठिकानं परत वाचून घेतली. बोलता येत व्हतं म्हून दोष लागतो, ह्ये मला लई पटलं, ते चौथ्यांदा वाचाया लावलं. चहा त्यो बशीतनं पितो. फुरका आमच्या वसरीवर ऐकू येतो. तुला आत्ताच सांगून ठिवते, मागनं म्हनू नगंस.

खोलीचं मी बघितलं. मालकास्नी म्हनलं, घास म्या घातला, भाडेकरूनं न्हाई. काढायचं तर आधी मला काढा. मालक दोन दिस जेवलं न्हाईत. तिसऱ्या दिशी म्हनलं, पेटी भाईरच्या खोलीत हाय, देवघरात न्हाई. म्हंजी झालं, खोली तुमचीच. गोबऱ्याला तुझा नवरा आता उघड खायला घालतो. बाया यायच्या थांबल्या, ते बी बरंच झालं. येनाऱ्या-जानाऱ्याला चहा करून करून माझ्या पायाचं तुकडं पडलं व्हतं.

आता दुसरं. तू तुजं खरं लिवलंस, तर मी बी माजं सांगते. ह्ये ह्या घरात कुनाला म्हाईत न्हाई. हितं तुझा नवरा लेखनी थांबवून माझ्याकडं बघतोय. त्याला म्हनलं, लिव.

माजं म्हायेर चाकनच्या पल्याड, भामा नदीच्या काठाला. बाप मरळ धरायचा. आई चिंच नि लसूण लावून तव्यावर टाकायची. चौदाव्या वर्सी लगीन झालं, नि सासऱ्यानं गळ्यात माळ घातली. कुनी इचारलं न्हाई. त्याला आता एकतीस वर्सं झाली. माळ म्या मोडली न्हाई, मोडनार बी न्हाई, ती आता माजीच हाय. पर कार्तिकीला त्यानं घास घेतला तवा समद्या बायांनी डोळं झाकलं, नि माझं उघडं व्हतं. ते पिलू गेलं म्हून मी रात रात रडले, ते खरं. आईचा तवा आठवला, ते बी खरं.

नदीकाठी आमच्या मळ्यात एक खोप हाय. तिला कुनी घरात धरत न्हाई. म्हैन्यातनं एकदा मालक बैलबाजाराला चाकनला जात्यात, त्या दिशी तिथं चूल मांडू. मरळ भैरू आनून दील, मसाला तू मालवनचा आन. तुमी दोघं जेवा. मी खानार न्हाई. मी भाईर बसंन, वास जिकडं जाईल त्या अंगाला.

वास घेतल्यानं माळ बाटते का, ते म्या कुनाला इचारलं न्हाई. तू बी इचारू नगंस. लवकर ये.

दुर्गाबाई